चोवीस तासांच्या आत

"सर, त्ये चोवीस तासच असत्यात ना?"

रविराज दारात उभा होता. गॉगल कपाळावर, एक हात चौकटीला. गोरक्षनाथचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो खिडकीतून मैदानाकडे बघत लंकाबाईच्या नावानं बोटं मोडत होता. उद्या आरटीओचा कॅम्प. साहेब नगरहून दहाच्या आत येऊन खुर्ची मागणार, आणि मैदानावर अजून आठचा आकडा नाही, रेघ नाही, काही नाही. महिन्यातून एकदा मैदानावर पांढरी फक्की मारायची, तेवढंही ह्या बाईला वेळेवर होऊ नये? अकरा वर्षांत तिनं एकही कॅम्प चुकवला नव्हता, ही गोष्ट मात्र रागाच्या भरात त्याच्या ध्यानात आली नाही.

"काय चोवीस तास?"

"परीक्षेतलं ओ. अपघात झाल्यावर पोलिसात सांगायचं त्ये."

हे ऐकून गोरक्षनाथ वळला आणि चक्क खूश झाला. जामखेडच्या बाजारतळामागं तो बावीस वर्षं गाड्या शिकवत होता. पाटीवर शाळेचं नाव काहीही असो, लोक तिला 'गोरख सरांची गाडीची शाळा' म्हणत. तालुक्यात स्टेअरिंग धरणाऱ्या अर्ध्याअधिक लोकांचे पाय त्यानंच क्लचवर ठेवले होते. ट्रॅक्टरवाले, पिकअपवाले, दुधाचे टेम्पोवाले, एक तलाठी, सगळे त्याला रस्त्यात बघून हात करायचे. पण शिकून गेल्यावर परत येऊन नियम विचारणारा विद्यार्थी त्यानं आजवर पाहिला नव्हता.

"घोकून घेतलंय की तुमच्याकडनं," तो म्हणाला. "अपघात म्हणलं की?"

"चोवीस तास."

"शाबास!"

हा त्याचा हातखंडा होता. परीक्षेतले प्रश्न लांबलचक, पोरांना वाचायचा कंटाळा, काहींना वाचताच येत नाही. म्हणून त्यानं सगळ्याचे पाढे करून टाकले होते. दवाखाना, हॉर्न न्हाई. झेब्रा, थांबा. अपघात, चोवीस तास. मूळ उत्तरात 'जखमीला ताबडतोब दवाखान्यात न्यावे' असं होतं. पोलिसांना कळवायचं ते 'शक्य तितक्या लवकर' असंही होतं. एवढं कोण पाठ करतंय? त्यानं शेंडा-बुडखा छाटला आणि आकडा तेवढा ठेवला. आकडाही ज्यांच्या डोक्यात शिरत नसे त्यांची सोय वेगळी होती. कच्च्या लायसनची परीक्षा आता कॉम्प्युटरवर. कॅमेऱ्यापुढं तोंड उमेदवाराचं लागतं. माऊस कुणाच्या हातात आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. सप्टेंबरात रविराज ह्याच खुर्चीत केस विंचरून ताठ मानेनं बसला होता, आणि पंधराच्या पंधरा उत्तरं गोरक्षनाथनं शेजारून टिचक्या मारून दिली होती.

"मंग चोवीस तास कवापास्नं धरायचे?" रविराजनं विचारलं. "लागल्यापास्नं, का कळल्यापास्नं?"

"कुणाला लागलं?"

रविराजनं गॉगल काढून शर्टाला पुसला.

"काल साडेपाचला. खर्डा रोडला, वळनावर. येक म्हातारी मधीच आली, सर. आईशप्पथ, मधीच आली."

"मग?"

"मंग काय. अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणले, थांबू नको, लोकं मारत्यात, सरळ मळ्यावर ये. दुपारी दोन बियर झाल्त्या ना. वकील म्हणला, आज साडेपाचपत्तुर टाईम हाय आपल्याला. तवर सगळं उतरतंय, मंग शिस्तीत जाऊ."

"आणि ती म्हातारी?"

"काय म्हाईत. लोकं हुती की तितं."

पोरगं बोलत होतं ते काही लपवाछपवीच्या सुरात नव्हतं. टपाल कधी टाकायचं, किती वाजता निघतं, अशा सुरात बोलत होतं.

"आन् सर, आजून येक. बॉनेटवर सगळं पांढरं झालंय. म्हातारीकडं पीठ-बीठ हुतं वाटतं. पान्यानं धुतलं तर आनखीच चिकटलं. कशानं जातंय ओ ते? गाडी काळी हाय, लई उठून दिसतंय."

गोरक्षनाथनं मान वळवून पुन्हा मैदानाकडे बघितलं. काल चार वाजता लंकाबाई म्हणाली होती, 'सर, फक्की सपलीया, सकाळच्याला आन्ते की.' तो म्हणाला होता, 'सकाळी नको, तू सकाळी उगवायची नऊला. आत्ताच जा.' हार्डवेअरचं दुकान खर्डा रस्त्यालाच होतं.

"पीठ नव्हतं ते," तो म्हणाला.

"असंल काय बी. मेन बात अशी हाय, सर." रविराज आता आत येऊन खुर्चीवर बसला. "माझं लायसन कच्चं. शेजारी शिकवनारा असला की चालतंय म्हनं. तर अण्णांनी सांगितलंय, सर शेजारी बसले हुते असं म्हणायचं. शिकता शिकता झालं, म्हातारी आडवी आली, आमी मदत बगाया गेलो. काचेला शिकाऊ गाडीचा येल लावलाय आमी."

"कधी लावला?"

"आज सकाळी."

गोरक्षनाथनं टेबलावरची मोटरसायकलची किल्ली उचलली आणि चपला शोधू लागला. एक चप्पल टेबलाखाली गेली होती. ती पायानं ओढून काढताना त्याला दोनदा जमलं नाही.

"सर, मंग अण्णांना काय सांगू?"

"उठ त्या खुर्चीतनं," गोरक्षनाथ म्हणाला.

*

वळणावर वाल्मिकची चहाची टपरी. वाल्मिकनं सहा वर्षांपूर्वी टेम्पोसाठी लायसन काढलं, टेम्पो काही आला नाही, टपरी टाकली. सरांना बघून त्यानं फडकं मारून बाकडं साफ केलं.

"या सर! अर्धा टाकू का फुल?"

रस्त्यावर डांबराचा एक मोठा पट्टा पांढरा झाला होता. रात्रीतून गाड्यांनी तो पार लांबवर ओढत नेला होता. कडेला रिकामं पोतं पडलं होतं आणि त्यावर कुत्रं झोपलं होतं.

"काल काय झालं इथं?"

"त्ये व्हय! लई बेक्कार, सर." वाल्मिकनं गॅस बारीक केला. "काळी गाडी आली सुसाट. म्हातारी कडंनंच चाल्ली हुती, डोक्यावर पोतं, हातात डबा. उडिवली आन् गेली की गाडी. हे बगा, मी येडिओ काढलाय."

त्यानं मोबाईल सरांच्या नाकापुढं धरला. धरताना पडदा स्वच्छ दिसावा म्हणून कोपरानं पुसलासुद्धा.

लंकाबाई कुशीवर पडली होती. अंगभर, केसांत, पापण्यांवर फक्की. पायाखालून काळं-लाल काहीतरी सरकत फक्कीत जिरत होतं. तिचा एक हात हलत होता, काहीतरी चाचपत होता. भोवती माणसांचं कडं होतं. नीट बघितल्यावर गोरक्षनाथला दिसलं की ते कडं फक्की जिथं संपते तिथंच उभं होतं. बूट भरू नयेत म्हणून. कुणीतरी म्हणत होतं, 'ॲम्बुलन्सला लावा की.' कुणीतरी म्हणालं, 'लावलाय, खर्ड्याकडं गेलीय म्हणत्यात, येईल.' एक जण मोबाईल उंच धरून उभा होता, आणि त्याच्यामागचा त्याला म्हणत होता, 'वाइच खाली बस ना, दिसना झालंय.'

गोरक्षनाथ एकेक चेहरा ओळखत गेला. निळ्या शर्टातला पिकअपवाला, तीन वर्षांमागं शिकला. त्याच्या शेजारी तलाठी. दुधाच्या टेम्पोवाला. सगळी आपलीच पोरं. एकाचाही गियर चुकत नाही.

"ती पिकअप तिथंच उभी होती ना?" त्यानं विचारलं. "मग तिच्यात का नाही घातली?"

"त्यानं शीटं नवी टाकल्याती, सर. तरी म्या म्हणलं त्याला. तर तलाठीभाऊसायब म्हणले, हात लावू नका, पंचनामा व्हायचाय, उगं कोर्टाच्या चकरा कोन मारनार."

"आणि तू?"

"मी?" वाल्मिकला खरंच कळलं नाही. "मी टपरी टाकून कुठं जानार? आन् मी म्हणलं की लोकांला, गाडीवाला येतूयच पोलिसात सांगाया, त्याला चोवीस तास असत्यात. तुमीच शिकिवलंय की."

गोरक्षनाथला वाटलं, ह्याच्या कानाखाली काढावी. मग वाटलं, कुणाकुणाच्या काढणार, आणि सुरुवात कुठून करणार. त्यानं फक्त विचारलं, "किती वेळ पडली होती?"

"पाऊन तास तरी. मंग त्यो पुंजाराम आला ना, केळीवाला. त्यानं हातगाडा मोकळा केला. आख्खी केळी खाली वतली रस्त्यावर, सर! लोकांनी उचलून बी न्हेली. आन् हिला गाड्यावर घालून ढकलत ग्येला दवाखान्यात."

पुंजारामला गोरक्षनाथ ओळखत होता. अक्षरशत्रू माणूस. शाळेच्या फाटकापाशी त्याचा गाडा असायचा आणि शिकणारी पोरं चेष्टेनं त्याला म्हणायची, 'मामा, तुमी कवा काढताय लायसन?'

"येडिओ पाठवू का, सर, तुमाला?" वाल्मिकनं विचारलं.

*

दवाखान्याच्या पायरीवर पुंजाराम बसला होता. सदऱ्याची पुढची बाजू वाळून कडक झाली होती, बाह्या पांढऱ्या. गाडा चिंचेखाली लावलेला.

"अजून इथंच?" गोरक्षनाथनं विचारलं.

"कुनीतरी बसाया पायजे की," पुंजाराम म्हणाला. "पहाटं ग्येली. मी म्हणलं, हिचं कुनी आलं तर त्यांला सांगाया तरी आपुन असावं. कुनी आलंच न्हाई. आन् नाव मला बी ठावं न्हाई."

आत टेबलाशी सिस्टर कागद लिहीत होत्या. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ.'

"रक्त फार गेलं होतं हो," सिस्टर म्हणाल्या. "अर्धा-पाऊण तास आधी आली असती तर नगरला तरी हलवता आलं असतं. तुम्ही ओळखता?"

"व्हय. लंकाबाई."

सिस्टरनं 'अनोळखी स्त्री'वर काट मारली, 'लंकाबाई' लिहिलं आणि पेन तसंच धरून वर बघितलं.

"पुढं?"

"लंकाबाईच म्हणायचो आम्ही," गोरक्षनाथ म्हणाला.

"नवऱ्याचं नाव? आडनाव?"

नवरा वारला होता एवढं त्याला माहीत होतं. बाजारतळामागं पत्र्याचं खोपट होतं. तंबाखू खायची, पण मैदानावर थुंकायची नाही, म्हणायची, 'रेघ बाटती.' डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून तिनं स्वतः तो फक्कीचा डबा केला होता, आणि तो हलवत चालताना तिची आठची रेघ अशी गोल यायची की नगरचे साहेब एकदा म्हणाले होते, दोरी धरून मारता काय? एवढं सगळं त्याला माहीत होतं. आडनाव माहीत नव्हतं.

"गाव कुठलं?"

"पाटोद्याकडचं... बहुतेक."

"किती वर्षं ओळखता?"

"अकरा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. रस्त्यावर कडं करून उभ्या असलेल्या लोकांची जेवढी आली होती तेवढीच. त्यांनी निदान पाऊण तासच बघितलं होतं.

मुलगी होती तिला. चांगुणा. काष्टीकडं ऊसतोडीला गेली होती, दर दिवाळीनंतर जायची. फडावरच्या मुकादमाला ट्रॅक्टर गोरक्षनाथनंच शिकवला होता, म्हणून नंबर सापडला. 'आई सिरियस आहे, लगेच पाठवा,' एवढंच तो फोनवर बोलला. फोन ठेवल्यावर वाटलं, हेही खोटंच सांगितलं आपण.

*

दोनच्या सुमाराला बजरंग अण्णा मैदानावर आले. रविराजचे वडील. गाडी मैदानाच्या मधोमध लावून खाली उतरले, चारी बाजूंना नजर फिरवली. मैदान त्यांचंच होतं.

"मास्तर, पोरगं आल्तं सकाळी. तुमी काय बोलला न्हाई म्हनं."

"त्या बाईचं नाव लंकाबाई होतं, अण्णा. इथली फक्की तीच मारायची. तुमच्या पोरानं आठ काढला तो तिच्याच रेघेवर."

"आसं?" अण्णांनी पायानं माती उकरली. तिथं मागच्या कॅम्पच्या रेघेचा एक फिका तुकडा होता. "वाईट झालं. पर गेलेलं मानूस तर येत न्हाई. आता जित्याचं बगा. पोराला परवा बगाया येनार हायेत, सोयरीक ठरत आलीया. तुमी फकस्त शेजारी बसायचं, मास्तर. गाडीत न्हाई, कागदावर."

"आणि मग जबाबदारी माझी."

"तुमचं पक्कं लायसन, शिकवायचं लायसन, तुमाला काय हुतंय? विमा हाय, वकील आपला हाय. तुमाला झळ लागू देत न्हाई. बावीस वर्षं ह्या मैदानावर हाय तुमी, कवा एका शब्दानं बोललो का? इतं गाळे काढा म्हणनारे रोज येत्यात."

धमकी अशी द्यायची असते, की ऐकणाऱ्यानं आभार मानावेत. गोरक्षनाथला भीती वाटली, हे कबूलच करायला पाहिजे. वय त्रेपन्न. दुसरा धंदा येत नाही. मैदान गेलं तर शाळा गेली, आणि तोंड उघडून खरं सगळं सांगायचं म्हटलं तर तो माऊसही सांगावा लागणार, मग शाळेचं लायसनही गेलं. एक क्षण त्यानं मनात ते वाक्य म्हणूनसुद्धा बघितलं: मी शेजारीच बसलो होतो. सोपं होतं. जिभेवर अगदी सहज बसत होतं.

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी नाव सांगितलं दवाखान्यात, त्ये मातर गडबड केली. बेवारस म्हणून नोंद झाल्ती, तशीच ऱ्हाऊ द्यायची. तिचं कोन हाय इचारनारं? पोरगी उसाच्या फडात. तिला काय समजतंय? साडीचोळी करू, दिवस घालू. तुमी उगं..."

गोरक्षनाथनं खांदा काढून घेतला. अण्णांच्या हाताला अत्तराचा वास होता, आणि तो वास शर्टाला लागला. थू तुमच्या जिनगानीवर, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. आयुष्यभर 'अण्णा, अण्णा' करण्यात गेलेलं तोंड, ते एकदम तसं वळेना.

"पोराला साडेपाचच्या आत आणा," एवढंच तो म्हणाला. "चोवीस तास भरतात."

*

पोलीस ठाण्यात हवालदार ज्योतीताईंनी त्याला बघून खुर्ची दिली. स्कुटी त्याही त्याच्याकडंच शिकल्या होत्या.

रविराज पाच वाजून दहा मिनिटांनी आला. आंघोळ करून, पांढराशुभ्र शर्ट घालून. एका बाजूला अण्णा, एका बाजूला वकील. मुदतीला वीस मिनिटं बाकी होती. वकिलानं हातातल्या घड्याळाकडं बघून मान हलवली. रविराज पाठ केल्यासारखं बोलला, आणि कुठं अडखळला नाही. फक्त 'सर शेजारी बसले हुते' म्हणताना त्यानं भिंतीकडं बघितलं. आतल्या खोलीत त्याला बसवलं. चहा गेला, एक, दोन, तीन कप.

"सर, तुमचं?" ज्योतीताईंनी कोरा कागद ओढला.

गोरक्षनाथनं सांगितलं. मी शेजारी नव्हतो. काल साडेपाचला मी शाळेत होतो. रविराज आज सकाळी दहाला माझ्याकडं आला आणि त्यानं हे हे सांगितलं. दुपारी दारू प्यायला होता हे त्यानंच सांगितलं. काचेवरचा एल आज सकाळी लावलाय. बाई कडेनं चालली होती, वाल्मिकच्या टपरीवर बघणारे डझनभर आहेत. गाडीच्या बॉनेटवर जे पांढरं आहे ती फक्की आहे, ती आणायला तिला मीच पाठवलं होतं.

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "मास्तर, डोकं फिरलंय का तुमचं?" वकिलानं त्यांना खाली बसवलं.

"झालं?" ज्योतीताईंनी विचारलं.

"आणखी एक. त्याचं कच्चं लायसन. ती परीक्षा त्यानं दिलेली नाही. माऊस माझ्या हातात होता."

ज्योतीताईंचं पेन थांबलं. त्यांनी आतल्या दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"सर, ह्याची काही गरज न्हाई. ह्या केसला त्यानं काही फरक पडत न्हाई. तुमची शाळा जाईल उगंच."

"लिहा."

"खरंच लिहू?"

"लिहा, ताई. आता लाजू नका. मी बावीस वर्षं लाजलो नाही."

त्यांनी लिहिलं. त्यानं वाचून सही केली. वाचताना त्याच्या ध्यानात आलं की अख्खा कागद आपण पहिल्यांदाच वाचतोय, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, काही न छाटता.

सहाला चांगुणा आली. मुकादमाच्या जीपनं. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, पदर डोक्यावरून घट्ट. तिला रस्त्यातच कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती रडून झालेली होती.

"मयताचं पूर्ण नाव सांगा," ज्योतीताई म्हणाल्या.

"लंकाबाई आसाराम गर्जे," चांगुणा म्हणाली.

गर्जे. गोरक्षनाथनं ते मनात दोनदा म्हटलं.

ओळख पटवायला ज्योतीताईंनी टेबलावर वस्तू मांडल्या. एक चप्पल. तंबाखूची चंची. पत्र्याचा डबा, एका बाजूनं चेपलेला, बुडाला भोकं. चप्पल आणि चंची चांगुणानं लगेच ओळखली. डबा तिनं हातात घेऊन फिरवला.

"ह्यो न्हाई आयचा. ह्याला तर भोकं हायेत."

"तिचाच आहे," गोरक्षनाथ म्हणाला. "फक्कीचा. ह्यानं ती मैदानावर रेघ मारायची."

"कशाची रेघ?"

"गाडी शिकणाऱ्यांनी कुठून जायचं त्याची."

चांगुणानं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस कोण, हे तिनं विचारलं नाही. तिनं डबा सरळ केला, आणि तळाशी राहिलेली फक्की भोकांतून सरसर खाली आली. फरशीवर हातभर पांढरा पट्टा पडला. "अगं बाई," म्हणत ती दचकून मागं सरली.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. रक्त तपासायला रविराजला दवाखान्यात न्यायचं होतं. तो खिशात मोबाईल घालत बाहेर आला, मागं अण्णा, मागं वकील. खाली कुणी बघितलं नाही. रविराजचा बूट बरोबर पट्ट्यावर पडला आणि तो पुढं चालत गेला. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून पायरीपर्यंत, पायरीखालच्या मातीतसुद्धा एक पांढरं पाऊल उमटत गेलं.

चांगुणा त्या पावलांकडं बघत राहिली.

"ह्योच का त्यो?"

"व्हय," गोरक्षनाथ म्हणाला. "माझ्याच हातचा."

ती खाली बसली, पदराचं टोक तोंडात धरलं, आणि फरशीवर उरलेली फक्की दोन्ही हातांनी गोळा करून चिमटी-चिमटीनं परत डब्यात भरू लागली. भोकांतून ती पुन्हा खाली येत होती. गोरक्षनाथ तिच्यासमोर बसला आणि त्यानं डब्याच्या बुडाला आपला तळहात लावून धरला.